शारजाच्या शाळेतून गणित शिकवायची ऑफर आलीये, जावं का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. मी नाशिकला एका सीबीएसई शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. एमएस्सी, बीएड, दोन्ही रेग्युलर, पुणे विद्यापीठ. दहा-अकरा वर्षं झाली शिकवतेय, पगार हातात ३८ हजार. मुंबईच्या एका एजंटमार्फत शारजातल्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेची ऑफर आलीये, महिना ४,५०० दिरहम. म्हणजे आपले लाखाच्या वरच झाले ना? एप्रिलला जॉईन व्हायचंय.

नवरा अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, तो म्हणतो तू हो पुढे, मी आणि लेक (पाचवीत आहे) सहा महिन्यांनी येतो, तोवर आई आहेच. सासूबाई म्हणतात इथे काय कमी आहे. माहेरचे म्हणतात अशी संधी परत दारात येत नाही. आणि एजंट म्हणतो दोन दिवसांत कळवा, प्रोसेसिंगचे १ लाख २० हजार भरा, निम्मे आत्ता, निम्मे नंतर, आणि आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे आल्यावर कन्व्हर्ट करून देतील.

शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे. माझं खरं स्वप्न आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) वगैरे शाळांमधून देशोदेशी शिकवायचं आहे. तर ही पहिली पायरी होईल का? कोणी शिक्षक म्हणून बाहेर गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

नुसताच_वाचक
एजंटला एक रुपयाही देऊ नका. बाकी जाणकार येतीलच.

चहाटळ
आमच्याकडे माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १८ हजार मानधन मिळतं, तेही २०२३ पासून, त्याआधी ८ हजार होतं. म्हणजे ताईंचा तिथला एक महिना = इथल्या गुरुजींचे जवळजवळ सहा महिने. जा हो ताई. गेलात की आम्हा पवित्र पोर्टलवाल्यांसाठी (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाईट हो) खजूर पाठवा.

वाळवंटी_कोकणी
मूळचा संगमेश्वरचा, दुबईत बरीच वर्षं, आधी भारतीय शाळेत फिजिक्स आणि आता ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आधी एजंट. भारतातून परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकलं की दिसतो. आणि नोंदलेला असला तरी उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घ्यायची परवानगी आहे, तेही रीतसर पावतीने. १ लाख २० हजार कुठल्या हिशोबाने मागतोय ते त्यालाच विचारा. यूएईचा कायदा तर म्हणतो की भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून थेट किंवा आडून घ्यायचाच नाही.

मग व्हिजिट व्हिसा. व्हिजिट व्हिसावर काम करणं इथे बेकायदा आहे, पूर्णविराम. नीट मार्ग असा की शाळा इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडून (मोहरे म्हणतात सगळे) ऑफर लेटर काढते, तुम्ही सही करता, मग नोकरीचं एंट्री परमिट निघतं, त्यावर तुम्ही विमानात बसता, मग इथे मेडिकल, एमिरेट्स आयडी, रेसिडेन्सी. नंतर जो करार होतो तो त्या ऑफर लेटरशी जुळायला हवा. जे 'आधी या मग बघू' म्हणतात ते तुम्ही इथे येऊन अडकलात की आकडा बदलतात, कारण परतीचं तिकीट तुमच्या खिशातून आणि इकडे वर्ग सुरू झालेला, मुलं समोर बसलेली. आपल्याकडचे शिक्षक मुलांना मध्येच सोडून जात नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तिसरं, परवानगी. फक्त शाळेने निवडून चालत नाही. दुबईत केएचडीए, अबुधाबीत एडेक, शारजात स्पिया, या प्रत्येक सरकारी खात्याकडून शिक्षक म्हणून मान्यता यावी लागते. त्यासाठी डिग्री अटेस्ट केलेली लागते आणि डिग्रीचा विषय आणि शिकवायचा विषय जुळावा लागतो. तुमचं एमएस्सी गणितातच असेल तर प्रश्न नाही. बीएड मुक्त विद्यापीठातून केलेल्यांनी मात्र ऑफर घ्यायच्या आधी एचआरकडून लेखी विचारून घ्या, तिथे लोक अडकलेले पाहिलेत.

आता पगाराची फोड टाका इथे. बेसिक किती?

गोदाकाठ
बापरे, एवढं काहीच माहीत नव्हतं. फोड अशी आहे: बेसिक २,०००, घरभाडं १,५००, ट्रान्सपोर्ट ५००, इतर ५००. घर आपलं आपण बघायचं. वर्षातून एकदा तिकीट. मुलाला फी सवलत 'नियमानुसार' असं लिहिलंय. एमएस्सी गणितातच आहे.

वाळवंटी_कोकणी
वाटलंच. बेसिक मुद्दाम खाली ठेवतात. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक, पाचनंतर दरवर्षी ३० दिवसांचं. २,००० च्या बेसिकवर वर्षाचे १,४०० दिरहम होतात, तीन वर्षांनी परतलात तर ४,२००. हाच सगळा ४,५०० बेसिक असता तर ९,४५० मिळाले असते. निम्म्याहून जास्त त्यांनी कागदावरच वाचवले. आणि एक वर्ष पुरं व्हायच्या आत गेलात तर शून्य.

'नियमानुसार' फी सवलत म्हणजे काहीच नाही असं धरून चाला. किती टक्के, किती मुलांना, ट्यूशन फीवर की बस-पुस्तकं धरून, हे लिहून घ्या.

कुटुंब आणण्यासाठी पगार ४,००० दिरहम किंवा ३,००० आणि राहायची सोय असा नियम आहे, त्यात तुम्ही काठावर बसता. आईने मुलाला स्पॉन्सर करायचं तर वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र तयार ठेवा, आणि लग्नाचं आणि मुलाच्या जन्माचं प्रमाणपत्रही अटेस्ट करून आणा, इथे आल्यावर ते करणं म्हणजे कुरिअरचा खेळ. पण नियमात बसणं वेगळं आणि चार हजार पाचशेत तिघांनी शारजात राहणं वेगळं. भाड्याचे चेक वर्षाला चार-सहा आगाऊ द्यावे लागतात, वर डिपॉझिट, कमिशन, वीज-पाण्याचं डिपॉझिट. नवऱ्याला इथे नोकरी लागेपर्यंत तुमच्या पगारातून फारसं काही उरणार नाही. एकटीने शेअरिंगमध्ये राहिलात तर उरेल, पण मग लेक तिकडे.

मस्कतची_आक्का
कोकणीदादांनी कागदपत्रांचं सगळं सांगितलं, मी जरा आतलं सांगते.

मी गेले ती नवऱ्याच्या व्हिसावर, आधी मस्कत, मग काही काळ अजमान, आता परत कोल्हापूर. आखातातल्या भारतीय शाळांत निम्म्याहून जास्त बायका अशाच असतात असं माझ्या स्टाफरूममध्ये बघून वाटायचं, नवरा इंजिनियर किंवा बँकेत, घर त्याच्या कंपनीचं, आणि बाई शाळेत. शाळांना हे फार सोयीचं. 'लोकल हायर' म्हणतात. व्हिसा द्यायला नको, घर नको, तिकीट नको. त्यामुळे तिथल्या पगाराचा आकडा अशा बाईच्या हिशोबाने ठरलाय, जिचं घरभाडं दुसरा कोणीतरी भरतोय. गोदाकाठ, तू एकटीच्या पगारावर संसार न्यायला निघालीयेस आणि तुला तोच दुसऱ्या पगाराचा आकडा दिलाय. हे आधी डोक्यात घे, मग बाकीचं.

काम? पहिली गोष्ट, वर्ग मोठे. दुसरी, पालक. तिसरी, इन्स्पेक्शन. इन्स्पेक्शनचा आठवडा आला की प्रत्येक तासाचा लेसन प्लॅन, त्यात हुशार मुलांसाठी काय, मागे पडलेल्यांसाठी काय, शेवटी मुलांना काय आलं ते कसं तपासलं, सगळं. सुरुवातीला रडकुंडीला आलो सगळ्याजणी. पण खरं सांगू का, त्याने शिकवणं सुधारलं माझं. कोल्हापुरात परत आल्यावर मुख्याध्यापकांनी माझे प्लॅन बाकीच्यांना वाटले.

शारजात एक चांगलं, खासगी शाळांना चार दिवसांचा आठवडा, शुक्र-शनि-रवि सुट्टी. पण मग सोमवार ते गुरुवार दिवस लांबतो आणि घरी येऊन पाय सुजलेले असतात.

मुलाचं. तुमच्या लेकाला पाचवी-सहावीत एकदम अरबी चालू होईल, खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत सक्तीचं असतं. मुलं शिकतात हो, आपणच घाबरतो. मराठी मात्र घरचीच. आखातात मराठी मंडळं भरपूर, गणपती-दिवाळी-कोजागिरी जोरात, नाटकं बसवतात, पण मूल मराठी बोलेल ते तुम्ही घरात बोललात तरच.

आणि हो, ओमानला अपोस्टिल (एका आंतरराष्ट्रीय करारानुसार कागदपत्रांवर मारतात तो शिक्का) चालतं, यूएईला नाही चालत, तो देश त्या करारात नाही. म्हणून यूएईसाठी आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, आणि तिकडे उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का अशी वरात काढावी लागते. अपोस्टिलची सरकारी फी ५० रुपये आहे आणि एजन्सीवाले हजारो मागतात, म्हणून प्रत्येक टप्प्याची पावती मागा.

जुना_मास्तर
हे नवीन नाही बरं. इथिओपियात १९५०-६० च्या दशकात भारतातून शेकड्यांनी शिक्षक गेले, बहुतेक केरळचे, तिथल्या जुन्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना गणित-विज्ञान मल्याळी माणसाने शिकवलंय. भूतानमध्येही आधुनिक शाळा सुरू झाल्या तेव्हा भारतातलेच शिक्षक डोंगर चढून गेले. मालदीवच्या बेटांवर आजही जातात, माझा पुतण्या एका छोट्या बेटावर होता, शाळा ते घर चालत तीन मिनिटं आणि बेट संपायला अजून पाच. आपल्या मराठी लोकांनीच घर सोडायचा फार विचार केला असं माझं मत. असो, गोदाकाठ यांना शुभेच्छा.

हिशेबनीस
कराचं थोडक्यात. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी. एप्रिलमध्ये गेलात तर पहिल्याच वर्षी अनिवासी व्हाल, जानेवारीत गेला असतात तर ते वर्ष निवासीच राहिलं असतं आणि तिथला पगारही इथे दाखवावा लागला असता. अनिवासी असताना यूएईचा पगार इथे करपात्र नाही आणि तिथे पगारावर आयकर नाही. बँकेला कळवून आत्ताचं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्या, तिकडून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई उघडा. पीपीएफ आहे ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. घरकर्ज, टर्म इन्शुरन्स, दोन्हीकडे कळवा. बास.

प्रमेय
सगळं वाचलं. मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल कोणीच बोललं नाहीये म्हणून लिहितोय. मी पुण्यात आयबी शाळेत गणित शिकवत होतो, आता हनोईला आहे, तेच शिकवतो.

गोदाकाठ ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शाळेच्या नावातल्या 'इंटरनॅशनल'ला काडीची किंमत नाही. नाशिक-नगर रस्त्यावर सुद्धा दहा पाट्या दिसतील. बाहेर शिक्षकांचे दोन वेगळे बाजार आहेत. एक, परदेशातल्या भारतीय शाळा, तिथे सीबीएसईचा अनुभव बघतात, एप्रिलला वर्ष सुरू होतं, पगार भारतीय बाजाराला जोडलेला. दोन, आयबी आणि केंब्रिज शाळा, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरला वर्ष सुरू होतं, भरती आधीच्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकते, पगारात घर, विमा, तिकीट, मुलांची फी वेगळी असते. पहिल्या बाजारात पाच वर्षं काढली म्हणून दुसऱ्यात आपोआप ढकललं जात नाही. शारजात सीबीएसई शिकवून झाल्यावर तुमचा सीव्ही आज आहे तोच राहील, फक्त पत्ता बदललेला.

दुसऱ्या बाजारात ते एकच विचारतात, आमचा अभ्यासक्रम शिकवलाय का? आणि तो अनुभव मिळवायला परदेशात जावं लागत नाही, तो पुण्यात, मुंबईत मिळतो. आता केंब्रिजवाल्या शाळा नाशिकलाही आहेत. आधी आयजीसीएसई (केंब्रिजची दहावी म्हणा) एखाद-दोन वर्षं शिकवा, मग डिप्लोमा प्रोग्रॅम (आयबीची अकरावी-बारावी) असलेल्या शाळेत जा, एक पूर्ण दोन वर्षांची बॅच परीक्षेपर्यंत न्या. मग अर्ज टाका. तोवर बोर्डाचं एखादं ट्रेनिंग वर्कशॉप शाळेच्या खर्चाने होऊन जातं.

फरक काय असतो? उदाहरण सांगतो. सीबीएसई दहावीत आपण वर्गसमीकरणाचं सूत्र देतो आणि पंधरा गणितं सोडवून घेतो. मी काय आज इथे बसून सीबीएसईला नावं ठेवत नाहीये, माझा पाया तोच आहे. पण आयबीत २०१९ पासून गणिताचे दोन वेगळे कोर्स आहेत, एक ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस, दुसरा ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, आणि दोन्हीत मुलाने स्वतः विषय निवडून एक गणिती शोधनिबंध लिहायचा असतो, त्याला २० टक्के गुण. माझ्या एका विद्यार्थिनीने पुण्याच्या पीएमटीच्या, म्हणजे आता पीएमपीच्या, बस किती उशिरा येतात त्याचं वितरण काढलं होतं. तिला सूत्र द्यायचं नसतं, तिने विचारलेल्या प्रश्नावर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तरी तिच्या जागी आपण लिहायचं नाही. हे जमायला वेळ लागतो. इंटरव्ह्यूच्या डेमोत नेमकं हेच बघतात. आपले बरेच शिक्षक डेमोत फळ्याकडे तोंड करून सुंदर अक्षरात सोडवून दाखवतात आणि तिथेच संपतं.

आणखी एक गोष्ट जी इंटरव्ह्यूत हमखास येते. 'एखादं मूल तुम्हाला म्हणालं, सर एक सांगायचंय, पण कोणाला सांगू नका, तर काय कराल?' आपण भावनेच्या भरात म्हणतो, नाही सांगणार बाळा. चुकीचं उत्तर. गुप्त ठेवायचं वचन कधीच द्यायचं नाही, शांतपणे ऐकायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि शाळेतल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवायचं. या बाबतीत चांगल्या शाळा फार कडक असतात, तुम्ही राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस क्लिअरन्स मागतात, आधीच्या मुख्याध्यापकांना फोन लावतात. भारतातलं पीसीसी पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतं, ते आत्ताच काढून उपयोग नाही, ताजंच लागतं.

वाळवंटी_कोकणी
प्रमेय, बरोबर आहे, पण जरा जास्तच पुस्तकी झालं. मी भारतीय शाळेतूनच ब्रिटिश शाळेत गेलो ना? इथे असल्यामुळे इंटरव्ह्यूला प्रत्यक्ष जाता आलं, व्हिसा बदलणं सोपं झालं. माझ्यासारखे आणखीही आहेत. आणि सगळ्यांना जगप्रवास नको असतो हो. कोणाला बहिणीचं लग्न करायचं असतं, कोणाला घराचं कर्ज फेडायचं असतं. माझ्याबरोबरच्या एका केमिस्ट्रीवाल्याने भारतीय शाळेच्या पगारात लांज्याला वडिलांचं घर पाडून नवं बांधलं, बेडस्पेसमध्ये (सामायिक खोलीत एका पलंगापुरती भाड्याची जागा) राहून. त्याला आयबीचं काय करायचंय?

प्रमेय
मान्य. पण तुम्ही गेलात तेव्हा तुमचा फिजिक्स हा तुटवड्याचा विषय होता, आणि तुम्ही पुरुष, एकटे, बेडस्पेसची तयारी. ताईंनी स्वप्न म्हणून लिहिलंय ते वेगळं आहे म्हणून मी तेवढंच बोललो. गणितही तुटवड्याचाच विषय आहे म्हणा, ती त्यांची जमेची बाजू.

आणि पासपोर्टचंही बोलूया, कोणी बोलत नाही. इंग्रजी विषयाच्या जागांसाठी पूर्व आशियात बऱ्याच ठिकाणी अमेरिका-ब्रिटनसारख्या इंग्रजी भाषिक देशांचाच पासपोर्ट चालतो, चीनमध्ये तर इंग्रजी शिकवायच्या व्हिसाचा निकषच तसा. गणित-विज्ञानवाल्यांना तिथे वाट असते. पण एकाच शाळेत एकाच कामाला 'परदेशी भरती' आणि 'स्थानिक भरती' असे दोन पगार असतात आणि भारतीय माणसाला हळूच दुसऱ्यात टाकायचा प्रयत्न होतो. ऑफर आली की थेट विचारायचं, मी कुठल्या स्केलवर आहे? लाजायचं नाही.

मस्कतची_आक्का
अहो भांडू नका दोघं, दोघांचंही खरंय. मला गोदाकाठला एकच विचारायचंय, लेक सहा महिने आजीकडे राहील असं नवरा म्हणतो, सासूबाईंना विचारलंय का? की त्यांनी नातवाचा अभ्यास, डबा, ताप सगळं बघायचं हे गृहीतच धरलंय? त्या 'इथे काय कमी आहे' म्हणतात त्यात हेही असेल.

चहाटळ
आक्कांनी सिक्सर मारला.

इंग्लंडात_घुसमट
इथे यूकेतून. कोणाला माहीत नसेल तर, इंग्लंडच्या शिक्षण खात्याने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांतल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी (इंग्लंडमधली शिक्षक म्हणून अधिकृत मान्यता) अर्ज करायची सोय केलीये. भारतीयांसाठी गणित, विज्ञान आणि भाषा, ११ ते १६ वयोगट. अर्जाला फी नाही. डिग्री, शिक्षक प्रशिक्षण आणि अनुभव लागतो. क्यूटीएस मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, शाळेने व्हिसा स्पॉन्सर करायला हवा, आणि पोरं काय काय बोलतात त्याची तयारी हवी, माझं टोपणनाव बघाच. पण आखातातल्या ब्रिटिश शाळांच्या जाहिरातीत क्यूटीएस असलेल्यांना प्राधान्य लिहिलेलं असतं, त्यामुळे घरबसल्या हे करून ठेवायला हरकत नाही. ऑनलाईन पीजीसीई (इकडचं बीएड म्हणा) जे विकतात त्याने क्यूटीएस मिळत नाही, फी भरायच्या आधी हे लक्षात घ्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही, युनिट टेस्टचे पेपर होते.

झालं ते सांगते. एजंटला ई-मायग्रेटचा नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला 'मॅडम एवढा अविश्वास असेल तर राहू द्या, माझ्याकडे चाळीस बायका रांगेत आहेत'. राहू दिलं. मग शाळेच्या वेबसाईटवरच्या एचआरला थेट मेल टाकला, सीव्ही जोडून. त्यांचं उत्तर आलं चक्क! म्हणतात आम्ही उमेदवाराकडून पैसे घ्यायला कोणालाही सांगितलेलं नाही, जागा खरी आहे, ऑनलाईन इंटरव्ह्यू देऊ शकता, व्हिसा आम्ही इथूनच काढू. बेसिकचं विचारलं तर म्हणे पॉलिसी आहे, बदलत नाही. फी सवलत एका मुलाला ट्यूशन फीच्या निम्मी, हे मात्र मेलमध्ये लिहून दिलं.

सासूबाईंना विचारलं. आक्का, तुम्ही म्हणालात तेच निघालं. त्यांचे गुडघे, आणि लेकाला रिक्षापर्यंत सोडायला दोन जिने. त्या मला कधी बोलल्याच नव्हत्या.

वाळवंटी_कोकणी
एचआरने लेखी दिलं म्हणजे शाळा बरी दिसतेय. इंटरव्ह्यू द्याच, घ्यायची की नाही ते नंतर ठरवा. प्रोबेशन किती ते बघा, सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रोबेशनमध्ये देश सोडून जायचं झालं तर १४ दिवसांची नोटीस, तिथल्याच दुसऱ्या शाळेत जायचं तर महिन्याची. आणि पासपोर्ट 'सेफ कस्टडी'त ठेवतो म्हणाले तर नाही म्हणायचं, तो तुमच्याकडेच राहतो.

नुसताच_वाचक
त्या एजंटची तक्रार करा. ई-मायग्रेटवरच सोय आहे. रांगेतल्या चाळीस बायकांसाठी तरी.

गोदाकाठ
तक्रार टाकली काल, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून. इंटरव्ह्यूही दिला, बरा गेला, डेमोत फळ्याकडे पाठ करून उभी राहिले (प्रमेय, तुमच्यामुळे!). पण त्यांना या एप्रिलसाठी नाही म्हणून कळवलंय. घरी बसून हिशोब मांडला, तीन माणसांचा खर्च, भाड्याचे आगाऊ चेक, नवऱ्याचा सहा महिन्यांचा बुडालेला पगार, आणि पहिलं वर्ष उणेच निघत होतं. नवऱ्याने स्वतःच वही मिटली.

दुसरीकडे, इथल्याच एका केंब्रिज बोर्डाच्या शाळेत आयजीसीएसई गणिताची जागा होती, शुक्रवारी जाऊन आले. पगार आत्ताच्यापेक्षा थोडा जास्त, मोठी उडी नाही. जूनपासून बोलावलंय. आता प्रमेय, तुम्हालाच पकडते. ०५८० चा (आयजीसीएसई गणिताचा कोड) सिलॅबस डाऊनलोड केलाय, २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आहे असं दिसतंय, म्हणजे आपल्या पोरांना सोपंच की? आणि पुढे आयबीच्या तयारीसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर आत्ताच घेऊन ठेवू का, टीआय-८४ की कॅसिओ?

प्रमेय
अभिनंदन! पाढे पाठ असलेल्यांना तो पेपर सोपा, पण केंब्रिजवाली पोरं चौथीपासून कॅल्क्युलेटरला चिकटलेली असतात, तुमचं अर्धं पहिलं वर्ष अपूर्णांकात जाईल, तयारी ठेवा. गेल्या सात-आठ वर्षांचे पेपर उतरवून घ्या, मार्क स्कीमसकट, आणि स्वतः वेळ लावून सोडवा. उत्तर चुकलं तरी पद्धतीला गुण कसे देतात ते बघा, तपासायची सवय बदलावी लागते.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर स्वतःच्या पैशाने मुळीच घेऊ नका, महाग पडतो. पुढे डिप्लोमावाल्या शाळेत गेलात की शाळा जो वापरत असेल तोच घ्यावा लागेल. आमच्या पुण्याच्या शाळेत टीआय होते, इथे हनोईला सगळे कॅसिओवाले आहेत. तोवर डेस्मॉसवर (ऑनलाईन ग्राफिंग कॅल्क्युलेटर) हात बसवा, फुकट आहे, आणि पहिल्या आठवड्यात वर्गात काय गोंधळ होतो ते इथे येऊन लिहा.

चहाटळ
म्हणजे खजूर रद्द?

गोदाकाठ
खजूर रद्द, द्राक्षं पाठवते. फेब्रुवारीत या.